गावोगावच्या गॅसबत्तीला उजेड देणारा बॅरन, आणि त्याच्या मेंटलनं मागे ठेवलेली किरणोत्सारी माती

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात, हे जुन्नर-आंबेगावच्या माणसाला सांगायची गरज नाही. गुढीपाडव्याच्या आसपास इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, यात्रेच्या सुपाऱ्या ठरतात. आता फडाबरोबर जनरेटर असतो, एलईडी असतात, साउंडचा ट्रक असतो. पण गावागावात वीज पोचायच्या आधी कनातीत लख्ख उजेड पडायचा तो गॅसबत्तीचा. वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, ते लोक अजून घरोघरी आहेत. त्यांना गॅसबत्तीबद्दल विचारा, ते एक गोष्ट हमखास सांगतील : मेंटलला हात लावायचा नाही.

मेंटल म्हणजे बत्तीच्या आत लटकणारी पांढरी जाळीची पिशवी. नवीन असताना ती साधं मऊ कापड असते. बत्तीला बांधून पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जातं आणि त्याच आकाराचा राखेचा सांगाडा उरतो. या सांगाड्याला बोट लागलं तरी भुगा. पण टाकीत पंपानं हवा भरून रॉकेलची वाफ त्याच्यावर सोडली की तोच सांगाडा डोळे दिपतील इतका उजळतो.

ती राख साधी नव्हती. ती जवळजवळ सगळी थोरियमची होती, आणि थोरियम किरणोत्सारी आहे.

(इथे खोडदकरांसाठी एक खुलासा. तालुक्यात रेडिओ म्हटलं की आधी जीएमआरटीच्या ३० अँटेना डोळ्यांपुढे येतात. त्या दुर्बिणीचा आणि किरणोत्साराचा काही संबंध नाही. दोन्हीकडचा रेडिओ हा शब्द किरण या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दावरून आला, इतकंच. ती दुर्बीण आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकते, स्वतः काही सोडत नाही.)

आता या मेंटलचा शोध लावणारा माणूस कोण, हे बघू. त्याचं नाव कार्ल आउअर फॉन वेल्सबाख. ऑस्ट्रियानं १९५६ साली २० शिलिंगच्या नोटेवर याचा चेहरा छापला होता. आपल्याकडे नाव कुणाच्या तोंडी नाही, पण त्याची एखादी तरी वस्तू हातात न घेतलेला माणूस सापडणं अवघड आहे. गॅसबत्तीचं मेंटल त्याचं. लायटरचा ठिणगी पाडणारा खडा त्याचा. ओसराम हे दिव्यांच्या कंपनीचं नावही त्याच्याच कामातून आलं.

छापखानेवाल्याचा पोरगा

१ सप्टेंबर १८५८ ला व्हिएन्नात त्याचा जन्म झाला. वडील अलोइस आउअर हे ऑस्ट्रियाच्या शाही सरकारी छापखान्याचे संचालक. झाडाचं खरं पान धातूवर दाबून त्याचा हुबेहूब ठसा छापण्याची पद्धत त्यांनी नावारूपाला आणली होती. बादशहानं त्यांना सरदारकी दिली आणि आडनावाला फॉन वेल्सबाख जोडलं गेलं. कार्ल १० वर्षांचा असताना वडील गेले.

लष्करात वर्षभर काढून कार्ल रसायनशास्त्राकडे वळला आणि १८८० साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला रॉबर्ट बुन्सेनकडे गेला. शाळेच्या प्रयोगशाळेतला बुन्सेन बर्नर ज्याच्या नावाचा, तोच हा बुन्सेन. पदार्थ ज्योतीत धरायचा, त्याच्या प्रकाशातल्या रेघा पाहायच्या आणि त्यात कोणतं मूलद्रव्य आहे ते ओळखायचं, हे तंत्र कार्लनं तिथे शिकून घेतलं. बुन्सेननं त्याला दुर्मिळ मृदा धातूंच्या कामाला लावलं. नाव दुर्मिळ असलं तरी हे धातू तितकेसे दुर्मिळ नसतात. अडचण वेगळीच असते : ते एकमेकांत इतके मिसळलेले असतात आणि स्वभावानं इतके सारखे असतात, की एकाला दुसऱ्यापासून सोडवता सोडवता आयुष्य जातं.

डॉक्टरेट घेऊन १८८२ साली तो व्हिएन्नाला परत आला आणि लीबेन या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत बिनपगारी कामाला लागला. तेव्हा डिडिमियम नावाचं एक मूलद्रव्य मानलं जायचं. नावाचा अर्थच जुळं. कार्लला शंका होती की हे खरोखरच जुळं आहे. त्यानं त्याचे क्षार विरघळवायचे, स्फटिक पाडायचे, वेगळे करायचे, पुन्हा विरघळवायचे, असा उद्योग शंभरहून जास्त वेळा केला. १८८५ साली जुळं फुटलं. एक हिरवट, त्याचं नाव प्रासिओडिमियम. दुसरं गुलाबी-जांभळट, ते निओडिमियम. आज इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरपासून कानातल्या इअरफोनपर्यंत जे ताकदवान चुंबक असतात ते या निओडिमियमचे. तेव्हा मात्र त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

दिवा आधी बुडाला, मग चालला

हे क्षार ज्योतीत तपासताना रेघा नीट दिसाव्यात म्हणून त्यानं सुताचे धागे क्षारात भिजवून ज्योतीत धरले. धागा जळून गेला, पण त्याच्या आकाराची राख तशीच उभी राहिली आणि चमकू लागली. मेंटलची कल्पना इथली. त्या वेळी युरोपातल्या शहरांमध्ये नळानं येणाऱ्या कोळशाच्या गॅसवर दिवे चालायचे, पण उजेड पिवळट आणि मिणमिणता. दुसरीकडे एडिसनचा विजेचा बल्ब बाजारात आला होता. गॅस कंपन्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

१८८५ साली त्यानं मेंटलचं पेटंट घेतलं. पहिल्या मेंटलमध्ये मॅग्नेशियम, लॅन्थॅनम आणि यिट्रियम यांची ऑक्साइडं होती. व्हिएन्नाजवळ आट्सगर्सडॉर्फला कारखाना निघाला. पण प्रकाश हिरवट पडायचा, लोकांचे चेहरे आजारी दिसायचे आणि मेंटल सारखी फुटायची. दोन-तीन वर्षांतच धंदा बसला. कार्लनं बंद पडलेला कारखाना स्वतःच विकत घेतला आणि पुन्हा प्रयोगाला बसला.

आता त्याच्या हातात थोरियम होतं. थोरियमचं मेंटल छान उजळायचं. मग त्यानं थोरियम अधिक शुद्ध केलं, तर उजेड कमी झाला. आणखी शुद्ध केलं, आणखी कमी झाला. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. याच्या लक्षात आलं की उजेड थोरियमचा नाहीच, त्यात राहून गेलेल्या कशाच्या तरी अंशाचा आहे. तो अंश सेरियमचा निघाला. ९९ भाग थोरियम आणि १ भाग सेरियम, हे प्रमाण १८९१ साली ठरलं आणि पुढची शंभर वर्षं जगानं ते जवळजवळ तसंच वापरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हिएन्नात एका कॅफेबाहेर नवा दिवा लागला. मग मागे वळून पाहायला लागलं नाही. बर्लिनला कंपनी निघाली, लंडनला निघाली, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या समोर, नदीपलीकडे न्यू जर्सीच्या ग्लॉस्टर सिटीत मोठा कारखाना उभा राहिला. पुढे जर्मनीच्या पेट्रोमॅक्सनं हेच मेंटल रॉकेलच्या बत्तीत बसवलं, आणि नळाचा गॅस जिथे कधी पोचणार नव्हता अशा खेड्यांमध्येही हा उजेड पोचला.

तारखांकडे जरा लक्ष द्या. मेंटलमध्ये थोरियम आलं १८९१ ला. किरणोत्सार नावाचा काही प्रकार असतो हे बेकेरेलला कळलं १८९६ ला. थोरियम किरणोत्सारी आहे हे गेरहार्ड श्मिट आणि मारी क्युरी यांनी वेगवेगळं शोधलं ते १८९८ ला. म्हणजे लाखो मेंटल विकली गेल्यावर सात वर्षांनी. आउअरनं जाणूनबुजून विष विकलं असं म्हणणं त्यामुळे चुकीचं आहे. १८९८ नंतरचा हिशोब मात्र वेगळा करावा लागतो.

केरळची वाळू

थोरियम मिळतं मोनाझाइट नावाच्या जड वाळूतून. आधी ती अमेरिकेच्या कॅरोलायनामधून आणि मग ब्राझीलच्या किनाऱ्यावरून आली. १९०९ साली शोंबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं. लगेच मनवलाकुरीचीला वाळू वेगळी करण्याचा कारखाना निघाला आणि आपल्या दक्षिण किनाऱ्याची वाळू जहाजांत भरून युरोप-अमेरिकेच्या दिव्यांसाठी जाऊ लागली. तिच्यात थोरियमचं प्रमाण इतर ठिकाणच्या वाळूपेक्षा चांगलं होतं.

चांगलं म्हणजे तरी किती? शेकड्याला आठ-दहा भाग. म्हणजे टनभर वाळू गरम गंधकाम्लात शिजवली की ८०-१०० किलो कामाचा माल, बाकी सगळा उरलेला चोथा. या चोथ्यात सेरियम, लॅन्थॅनम वगैरे भरपूर. प्रत्येक मेंटल कारखान्यामागे त्याचे ढीग साचत होते.

आउअरला हे बघवलं नाही, आणि इथे त्याची खरी चलाखी दिसते. १९०३ साली त्यानं सेरियम आणि त्याच्या भावंडांचा मिश्रधातू लोखंडात मिसळून एक पदार्थ केला. त्यावर कानस घासली की ठिणग्यांचा पाऊस. हाच लायटरचा खडा. ऑस्ट्रियाच्या केर्न्टन प्रांतात ट्राइबाखला त्याचा कारखाना निघाला, तो आजही वेगळ्या रूपात चालू आहे. दरम्यान त्यानं ऑस्मियम धातूची तार असलेला विजेचा दिवाही केला. म्हणजे स्वतःच्या गॅसच्या दिव्याला स्वतःच स्पर्धक. ऑस्मियम आणि वुल्फ्राम, म्हणजे टंगस्टन, या दोन नावांच्या तुकड्यांतून १९०६ साली ओसराम हे नाव नोंदलं गेलं. १९०१ साली बादशहानं त्याला बॅरन केलं होतं.

पण चोथ्यातला एक भाग असा होता ज्याचा खडा होऊ शकत नव्हता.

ढिगात काय उरलं

थोरियम स्थिर नसतं. ते अतिशय सावकाश फुटतं. त्याचा अर्धायुकाल साधारण १,४०० कोटी वर्षं, म्हणजे विश्वाच्या वयाइतकाच. फुटून ते रेडियमचा एक प्रकार बनतं. १९०७ साली ऑटो हाननं तो शोधला आणि मेसोथोरियम म्हटलं. त्याचा अर्धायुकाल सुमारे पावणेसहा वर्षं. ही साखळी पुढे चालत राहते, मध्येच थोरॉन नावाचा वायू बाहेर पडतो आणि शेवटी शिसं उरतं.

कारखान्यात थोरियम काढून घेतलं की रेडियम चोथ्यातच राहतं. आता कुणी म्हणेल, पावणेसहा वर्षांनी अर्धं, पुन्हा तेवढ्यानं पाव, म्हणजे ५०-६० वर्षांत सगळं शांत व्हायला हवं. हिशोब बरोबर आहे, पण काढणी कधीच पूर्ण होत नाही. थोडं थोरियम चोथ्यात राहतंच आणि ते नवं रेडियम तयार करत राहतं. शिवाय मोनाझाइटमध्ये थोडं युरेनियमही असतं, त्यापासून झालेल्या रेडियमचा अर्धायुकाल १,६०० वर्षं. त्यामुळे कारखान्याला टाळं लागलं तरी ढीग थंड होत नाही.

किरणोत्साराचं ज्ञान आउअरच्या दारापर्यंत आलं नव्हतं असं नाही. आट्सगर्सडॉर्फच्या त्याच्याच कारखान्यात युरेनियम खाणीच्या सुमारे १० टन अवशेषातून व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीसाठी रेडियम काढलं गेलं. त्याचा जुना सहकारी लुडविग हायटिंगर हे काम बघत होता. शास्त्रज्ञांना आउअर मौल्यवान किरणोत्सारी नमुने देत असे. म्हणजे प्रयोगशाळेत जो पदार्थ चिमटीनं मोजला जात होता, तोच गावाकडच्या कारखान्यामागे फावड्यानं ढकलला जात होता. त्या काळात हे कुणाला विचित्र वाटलं नाही. रेडियम तेव्हा औषध म्हणून विकलं जायचं.

४ ऑगस्ट १९२९ ला केर्न्टनमधल्या आपल्या वाड्यात कार्ल आउअर वारला. ७१ वं वर्ष पुरं व्हायला महिनाही उरला नव्हता. शेवटपर्यंत प्रयोगशाळेत काम करत होता. विजेनं गॅसचे दिवे शहरांतून हटवले होते, पण खेड्यांत आणि अर्ध्या जगात त्याचं मेंटल जोरात होतं.

ग्लॉस्टर सिटीतलं खोदकाम

अमेरिकेतली वेल्सबाख कंपनी त्याच्या पेटंटवर चालायची, कारभार स्थानिक लोकांचा. भरात असताना तिथे दिवसाला अडीच लाखांपर्यंत मेंटल बनत. शेजारच्या कॅम्डेन शहरात दुसरी एक मेंटल कंपनी होती. १९४१ च्या सुमारास दोन्ही बंद झाल्या. आणि तोवर तो चोथा कुठे गेला होता? गावात. बारीक, वाळूसारखी, फुकटात मिळणारी भर. सखल जागा भरायला, प्लॉट सपाट करायला तो वापरला गेला. त्यावर घरं उभी राहिली, मुलं खेळायची मैदानं झाली. आपल्याकडे राख किंवा मुरूम टाकून जागा भरतात, अगदी तसंच.

चाळीस वर्षं कुणाला पत्ता नव्हता. १९८१ साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, या भागावरून किरण मोजणारी यंत्रं लावून हवाई पाहणी केली, तेव्हा नकाशावर ठिपके उमटले. १९९० च्या दशकात न्यू जर्सी सरकारनं शेकडो घरं आणि प्लॉट तपासले. जिथे पातळी जास्त होती तिथे तात्पुरता उपाय म्हणून शिशाचे पत्रे टाकले, घरात साचणारा वायू बाहेर काढायला पंखे बसवले. १९९६ साली ही जागा सुपरफंड यादीत गेली.

सुपरफंड हा अमेरिकेचा १९८० चा कायदा. तत्त्व सोपं : ज्यानं घाण केली त्यानं भरायचं. पण घाण करणारा जिवंतच नसेल तर? वेल्सबाख कंपनी केव्हाच इतिहासजमा झाली होती. अशा वेळी खर्चाचा मोठा वाटा केंद्र सरकार उचलतं आणि दहावा हिस्सा राज्य. मेंटलचा नफा कुणी खाल्ला आणि बिल कुणी भरलं, हे वेगळं सांगायला नको.

साफसफाई म्हणजे नेमकं काय करतात, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. किरणोत्सार धुऊन जात नाही, जाळून मरत नाही, त्यावर कोणतंही औषध फवारता येत नाही. अणू त्याच्याच वेळापत्रकानं फुटतो. माणसाच्या हातात एवढंच असतं : माती उचलायची आणि लोकांपासून लांब नेऊन ठेवायची. त्यासाठी आधी सगळ्या जागेची चौकटी आखून मोजणी करतात, भोकं पाडून किती खोल गेलंय ते बघतात. मग धूळ उडू नये म्हणून पाणी मारत खोदतात. माती बंद डब्यांतून दूरच्या, त्यासाठीच बांधलेल्या साठवण जागेत पाठवतात. खड्ड्यात पुन्हा मोजतात. नैसर्गिक पातळीपेक्षा प्रतिग्रॅम ५ पिकोक्युरीच्या आत आलं तरच चांगली माती भरायची, नाहीतर आणखी खोदायचं. १९९९ साली ही योजना ठरली आणि काम एकेक प्लॉट करत वर्षानुवर्षं चाललं. काही कुटुंबांना काही काळ घर सोडावं लागलं. स्वतःच्या अंगणात पांढरे सूट घातलेली माणसं खोदताना बघणं कसं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

ही एकच जागा नाही. शिकागोजवळ वेस्ट शिकागो नावाच्या गावात लिंडसे लाइट या मेंटल कंपनीचा कारखाना होता, तिथेही चोथा गावभर भरावाला गेला आणि एक उद्यान, एक ओढा आणि नदीचा काठ उपसून माती रेल्वेनं यूटा राज्यात न्यावी लागली. बर्लिनच्या आउअर कंपनीचा ओरानियनबुर्गचा कारखाना पुढे नाझींच्या युरेनियमच्या कामाला लागला. मार्च १९४५ मध्ये अमेरिकन विमानांनी तो बॉम्ब टाकून उडवला आणि किरणोत्सारी माल शहरात विखुरला.

आणि आपल्या बत्तीचं काय

ज्यांनी आयुष्यभर गॅसबत्ती लावली त्यांनी घाबरायचं कारण नाही. एका मेंटलमधलं थोरियम फार थोडं असतं आणि बत्तीजवळ बसणाऱ्याला मिळणारी मात्रा अगदी नगण्य. काळजी घ्यायची ती फुटलेल्या मेंटलच्या धुळीची. ती फुंकायची नाही, श्वासात जाऊ द्यायची नाही, हात धुवायचे. खरा धोका हजारो मेंटल रोज हाताळणाऱ्या कामगाराला आणि चोथ्यावर घर बांधणाऱ्याला होता.

स्वातंत्र्याच्या आसपास भारतानं ठरवलं की मोनाझाइट परदेशी द्यायचं नाही. १९५० साली इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी निघाली, १९५२ साली केरळात अलवाये इथे वाळूवर प्रक्रिया सुरू झाली, आणि १९५५ साली मुंबईत ट्रॉम्बेला थोरियमचा कारखाना आला. तिथल्या थोरियम नायट्रेटचा एक मोठा ग्राहक होता तो गॅसबत्तीचं मेंटल बनवणारा धंदा. अणुऊर्जेची मोठी स्वप्नं तिथे बघितली जात होती, पण थोरियमचा रोजचा खप होता दिव्यांसाठी. मात्र आपल्याकडे हा माल सुरुवातीपासूनच सरकारच्या ताब्यात राहिला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आला आणि १९८७ साली किरणोत्सारी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे वेगळे नियम झाले. त्यानुसार परवानगीशिवाय असा कचरा कुठेही टाकता येत नाही.

मेंटल अजून मिळतात, पण १९९० च्या दशकापासून अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकानं थोरियम सोडून दिलं आणि नंतर इतरांनीही तीच वाट धरली. त्याच्या जागी आता यिट्रियम वापरतात. ते किरणोत्सारी नाही. १८८५ साली आउअरच्या त्या पहिल्या, हिरवट उजेडाच्या आणि धंदा बुडवणाऱ्या मेंटलमध्ये जी तीन ऑक्साइडं होती, त्यातलंच हे एक.